कैफियतीचा रकाना

ग्वाल्हेरच्या तहसिलीत सव्वीस वर्षं मी नकला उतरवल्या.
खसरा, रकबा, लगान,
आणि सगळ्यात शेवटी एक अरुंद रकाना: कैफियत.
कचेरीत त्याचा अर्थ फक्त शेरा.
घरी येईपर्यंत तोच शब्द मराठी बोलू लागायचा
आणि वाटायचं, एवढ्याशा जागेत
कुणाची मावेल?

जमीन ज्याच्या नावावर, त्याला कागद म्हणतो
भूमिस्वामी.
केवढा भरजरी शब्द!
आणि दोनच रकाने पुढे, स्वामींचं दरसालचं देणं.
स्वामी, आणि वर भाडं भरतो?
एकदा विचारलं तसं, तर बाथम पटवारी
पान थुंकून आले आणि म्हणाले,
बाई, तुम्ही देवाचं बघा.
माफीचं रजिस्टर त्यांनी माझ्यापुढे सरकवलं:
मालक, श्री मुरलिधर महाराज.
व्यवस्थापक, कलेक्टर.
मी उतरवून घेतलं.
देवाच्या नावातली वेलांटी तेवढी सुधारली.

थाटीपूरला आमची जागा, तीस बाय पन्नास,
ह्यांच्या फंडातून घेतलेली.
रजिस्ट्री झाली त्या दुपारी हे चपला काढून
प्लॉटभर चालले.
बाभळीचा काटा रुतला.
काढायला वाकले मी, तर हसत म्हणाले,
असू दे, आपलाच आहे.

सोमवारी कुंपणाच्या भिंतीवर लाल रंगात
सत्तेचाळीस उमटलं. खाली बाण,
घराच्या दिशेने.
रस्ता चौदा फूट आत येतोय.
सीताफळ जाणार, टाकी जाणार,
पायरी अर्धी जाणार.
अर्धी पायरी कशी नेतात?
धाकटा फोनवर म्हणतो, आई, स्टे आण.
त्याला काय सांगू,
स्थगितीच्या नकलाही मीच उतरवायचे,
त्या पिवळ्या पडायच्या आत
तिथून टेम्पो धावू लागायचे.

आज मोजायला दोन पोरं आली.
एक सारखा मोबाइलवर.
दुसरा ओशाळून म्हणाला, आंटी, जरा पकडोगी?
मी शून्याचं टोक उंबऱ्याशी दाबून धरलं.
पलीकडे सरकार, अलीकडे मी,
मधे पिवळी फीत.
जराशी झोल दिली असती
तर वीतभर माझी वाचली असती कदाचित.
नाही दिली.
खाडाखोड न करायची सवय हाताला.
छोड दो, म्हणाला,
आणि फीत सळसळत त्याच्या डबीत गेली.

पूर्वी इथे रिसाल्याचं कुरण होतं म्हणतात.
त्याच्याआधी कुणाचं काय,
ते रजिस्टर वाळवीच्या ताब्यात आहे.

रात्री उगाच एक कोरा कागद घेतला, पट्टीने आखला.
नाव, रकबा, लगान, सगळं भरलं. सुवाच्य.
मालकाच्या घरात पेन थोडं अडलं.
शेवटच्या रकान्यात लिहिलं:
फाटकापासून सातव्या पावलावर
काटा रुतला होता. नोंद व्हावी.
अक्षर रेघेबाहेर गेलं.
जाऊ दिलं.