झाकणासाठी किटली

आधी झाकण होतं.
पांढरं, चिनी मातीचं, निळ्या कडेचं,
वर धरायला मटाराएवढं बोंड.
पूर ओसरल्यावर सांडशी शोधताना
ओट्याखालच्या गाळात सापडलं, उलटं, पाण्यानं भरलेलं,
एक ओरखडा नाही.
किटली गेली. कप गेले.
फ्रिज तरंगत दारापर्यंत जाऊन आडवा अडकला होता.

हरिपूर रोडला मल्लाप्पा कुंभारांकडं
ते रुमालात गुंडाळून नेलं.
त्यांनी उलटं केलं, सुलटं केलं, नखानं वाजवलं.
"भांड्याला झाकण करत्यात, मॅडम.
झाकणाला भांडं कोण करतंय?"

मॅडम, कारण पाणीपट्टीच्या खिडकीत
मी तेवीस वर्षं बसले,
आणि त्यांना दोनदा सुट्ट्यांसाठी परत पाठवलं होतं.
त्यांना आठवत होतं. मला नाही.

पहिला महिना नुसता गोळा.
चाकाच्या मधोमध बसायलाच तयार नाही,
एसटीत शेवटच्या सीटवर बसल्यासारखा उडतो.
"लई दाबू नका. कोपर मांडीला टेकवा.
तुम्ही हलायचं थांबा, मग ती थांबती."

नखं कापली, बांगड्या काढून खिडकीत ठेवल्या,
तरी हलत होते.
चार दिवस बादल्या भरभरून
हीच माती मी पायरीवरून रस्त्यावर फेकली होती.
आता तिच्याच दोन किलोंचे पैसे मोजत होते
आणि ती मला ओळख देत नव्हती.

मग एका मंगळवारी बसली.
मी खास काही केलं नव्हतं.
अंगठा आत गेला, दोन बोटांमधून भिंत वर आली,
पोट, खांदा, आखूड मान.

कान शिकवला त्यांच्या सुनेनं, रेणुकानं.
ओल्या मुठीतून खाली ओढत न्यायचा,
म्हशीची धार काढल्यासारखा.
म्हटलं, मी कधी म्हैस पिळली नाही.
"मग आता पिळा की."
पहिला कान मुठीतच तुटला. दुसरा टिकला,
माझ्या मामाच्या कानासारखा, जरा बाहेर आलेला.

पहिल्या किटलीत पाणी घातलं
तर अर्ध्यातच चोचीतून वाहायला लागलं.
मल्लाप्पांनी बिडी विझवली.
"चोच तोंडाच्या खाली राहिली.
पाणी काय तुमचं ऐकणार हाय?"
आयर्विनखाली किती फूट, म्हणून
रात्री दोनला फोन करून विचारणारी बाई मी.
दोघंही थोडा वेळ रस्त्याकडं बघत बसलो.

माती आवळते.
वाळताना एकदा, भाजताना पुन्हा.
झाकणाच्या मापाचं तोंड ठेवावं
तर भट्टीतून लहान होऊन येतं,
मोठं ठेवावं तर किती मोठं?
सुतळी घेतली, पट्टी घेतली, नातवाचा कंपास घेतला.
दुसरीवर झाकण बसेना.
तिसरीत ते आतच पडलं,
किटली उलटी धरून बाहेर काढेपर्यंत
मी श्वास घेतला नाही.
चौथी तडकली. पाचवीबद्दल न बोललेलं बरं.

"नवं झाकण करून देतो," मल्लाप्पा म्हणाले,
"धा मिनटांचं काम."
नको म्हटलं.
त्यांनी कारण विचारलं नाही.
खिडकीतून मी लोकांना किती कारणं विचारली.

सहावी घरी आणली.
तांबडी, आतून झिलई दिलेली, डावीकडं किंचित झुकलेली,
आणि तिच्या डोक्यावर ते पांढरं,
दुसऱ्याची टोपी घातल्यासारखं.
बसतं, पण सैल बसतं.
चहा ओतताना वरून एक बोट ठेवावं लागतं.
बोट पोळतं.

जुन्या किटलीवरही असं बोट ठेवावं लागायचं का,
आठवून बघते.
आठवत नाही.