कारणाचा रकाना

वस्तू : घोडेस्वार, कांस्य.
वजन : क्रेनच्या काट्यावर दोन टन एकशे दहा किलो.
कारण :
इथे माझं पेन थांबलं.

अकरा वर्षं नगरपालिकेच्या फायलीत
हे घोडं पेंड खात होतं,
आणि आज सकाळी सव्वासहाला,
समुद्रावरचं धुकं विरायच्या आत
पोटाखालून पट्टे घालून
उचललंसुद्धा.

बेकरीवाल्या हिल्ट्रूडबाई रडल्या.
चौथऱ्याचा दगड म्हणे त्यांच्या पणजोबांनी
हाम्बुर्गहून जहाजातून आणला होता.
"इतिहास असा पुसता येत नाही," म्हणाल्या,
आणि पिठाच्याच हातांनी डोळे पुसले.

रस्त्यापलीकडे कावेझेरी आजी.
डोक्याला गुरांच्या शिंगांसारखं दोन टोकांचं फडकं,
घोट्यापर्यंत घेरदार झगा,
खुर्ची घरूनच आणलेली.
टाळ्या वाजवल्या नाहीत तिने.
क्रेनवाल्याला एवढंच म्हणाली,
"घोड्याला जपून रे. त्याला कोणी विचारलं होतं?"

हवेत स्वार आधी डुलला,
मग सावकाश वळला.
शंभर वर्षं बँकेकडे तोंड करून बसलेल्याने
पहिल्यांदाच नामिबच्या वाळूकडे पाहिलं :
तिथे, गावाच्या कुंपणाबाहेर,
हातभर लांबीचे उंचवटे आहेत, ओळीने,
पाटी नाही, दगड नाही.
रविवारी पाहुणे त्यांवरून
चारचाकी मोटारसायकली उडवतात.

पोटातून गांधीलमाश्यांचं वाळकं पोळं पडलं.
पोरं उगाचच पळाली.

आता तो कोठारात आहे.
मोडके झोपाळे, जुने सिग्नल,
नाताळच्या दिव्यांच्या गुंतलेल्या माळा,
आणि तो.
किल्ली माझ्याकडे.

हिल्ट्रूडबाई अजून एकदाही आल्या नाहीत.
आजी येते. महिन्याच्या महिन्याला,
पेन्शन घेऊन झालं की.
"आहे ना? वितळवला तर नाहीत?"
मी दार उघडतो.
ती घोड्याच्या पोटावर बोटाने ठोकते,
तो आतून वाजतो, रिकाम्या पिंपासारखा.
"राहू दे," म्हणते. "नातीला दाखवायचाय,
कोण आलं होतं ते.
नाहीतर तिला वाटायचं,
आपली माणसं वाऱ्यानेच मेली."

साहेब म्हणतात, रकाना कोरा चालत नाही,
'रस्तारुंदी' लिहून टाका.

लिहिलंय.
पेन्सिलने.