साडेतीन तास

ठरलं असं:
रविवारी गुरुदासने आम्हाला कोबे दाखवायचं,
आम्ही त्याला गोवा.
एकाच दिवशी, एकाच फोनवर.
तो साडेतीन तास पुढे.

डिचोलीहून निघताना आईने फोन धरला
आरतीचं तबक धरावं तसा,
दोन्ही हातांनी, वारा लागणार नाही अशा बेताने.
श्रीपाद गाडी चालवताना दोनदा म्हणाला,
"आई, अजून लावलेला नाही तो."

म्हार्दोळला पोचलो तेव्हा नऊ.
जाईचा गजरा घेतला, केळीच्या सोपात गुंफलेला.
आईने तो कॅमेऱ्याला टेकवला.
"वास येतो?"
"येतो, येतो," गुरुदास म्हणाला.
लहानपणी औषध प्यायलो म्हणायचा, त्याच सुरात.

मग ती पितळेची उंच समई,
कासवाच्या पाठीवर उभी.
पडद्यात मिओचं नाक एकदम मोठं झालं,
"कामे! कामे!"
"आहेत गं बाई, कामं कुठे चुकलीत,
पण आज रविवार," आई म्हणाली.
चिहारू हसून हसून खाली बसली.
त्यांच्या भाषेत कासवाला कामे म्हणतात,
हे कळल्यावर आईने कासवाकडे
जरा आदराने पाहिलं:
एवढं सगळं पाठीवर घेऊन उभं, नावही शोभेसं.

त्यांचं देऊळ भर बाजारात.
लाल कमान, दगडी कुंडी, लाकडी पळी.
हात धुतले, चूळ भरली,
वाकले, दोन टाळ्या वाजवल्या.
"टाळ्या कशाला?"
"देवाला कळावं, आपण आलोय."
"हो का," आई म्हणाली,
"म्हणजे त्यालाही कमीच ऐकू येतं."

पणजीत आम्ही भाजीपाव खाल्ला, तिखट मिरच्या, बन.
ते लोक स्टेशनात शेवयांच्या वाटीवर वाकले होते.
मिओ भुरके मारत होती, कोणी रागावत नव्हतं.
निहारने लगेच चहा तसाच प्यायला,
आणि माझ्याकडे पाहिलं.

मांडवीवरच्या नव्या पुलावर थांबता येत नाही.
खाली कॅसिनोची जहाजं, दिवसा झोपलेली,
वर पिवळ्या तारा पंख्यासारख्या उघडत गेलेल्या.
"तुमचा पूल दाखव," मी म्हटलं.
त्याने दाखवला. जवळजवळ चार किलोमीटर.
आमच्याकडे डोळे दिपवणारं ऊन,
त्याच्याकडे दिवे लागायला लागलेले.
आई एकदा काचेतून बाहेर बघे, एकदा फोनमध्ये.
"दत्ताक नमस्कार कर रे, तिन्हीसांज झाली तुझी,"
असं म्हणेपर्यंत
बॅटरी गेली.

काळ्या काचेत तिचाच चेहरा.
थोडा वेळ तिने तो फोन तसाच धरून ठेवला.

मग म्हणाली,
"आपला दिवस आहे ना अजून?
मला पर्वरीच्या मॉलात ने."

दोन वर्षं गुरुदास बोलावतोय.
गुडघे, मांजर, तुळस, पाऊस,
सगळी कारणं संपल्यावर तिने खरं सांगितलं होतं, मला एकटीला:
विमानतळावर सरकते जिने असतात,
माझा पाय अडकेल.

दारातल्या सुरक्षेवालीने पर्स उघडली,
प्रसादाची पुडी दिसली, तिने आधी हात जोडले
आणि मग यंत्र फिरवलं.

जिन्यापाशी आई उभी.
पायऱ्या जमिनीतून निघत होत्या, एकीमागे एक,
पीठ चाळताना पडावं तशा न थांबता.
मागे लोक खोळंबले.
निहारने हात पुढे केला, तिने घेतला नाही.
निऱ्या उचलल्या,
ओठांत काहीतरी पुटपुटली,
आणि टाकला पाय.

वर पोचल्यावर वळून पाहिलंसुद्धा नाही.
बाजूच्याने खाली आली. पुन्हा वर.
केसांतली जाय प्रत्येक वेळी थोडी सांडत होती,
तिसऱ्या फेरीला एक फूल
तिच्या आधीच एका पायरीवरून वर गेलं.

चौथ्या फेरीनंतर मी म्हटलं,
चार्जर मिळतोय इथे, फोन लावते, दाखवू त्याला.

"गप्प बस," आई म्हणाली,
"लगेच तिकीट काढील तो."
पदर खोचला.
"आधी हात न धरता एकदा बघते."