शीबलेरं

रबाळ्याच्या टूलरूममध्ये
मढवी मास्तरांनी पेटी उघडली.
झाकणावर जर्मन शब्द, एका दमात न मावणारा.
तांडेल म्हणाला, गाव असेल पनवेलच्या पुढचं.

मास्तरांनी तो जॉबसारखा
दोन तुकड्यांत सोडवला:
शीब म्हणजे सरकव.
लेरं म्हणजे माप.
आणि शिकवण, तीही लेरंच,
आपली उमेदवारीची वर्षंसुद्धा.

मी जबडे मिटून ट्यूबलाइटसमोर धरले.
मधे केसाएवढा उजेड.
"शून्यच चुकतंय, मास्तर."

"चुकू दे. किती चुकतंय ते ध्यानात ठेव,
दर मापातून वजा कर."

काल, सत्तावीस वर्षांनी,
पोराची चूक मोजता मोजता थांबलो.
माझ्या शून्यातून किती उजेड येतो
ते पाहिलंच नव्हतं.