ऋणनिर्देश

विभागाच्या तळघरातलं कपाट क्रमांक नऊ,
किल्ली ढोबळे सरांकडे आणि सर रजेवर,
म्हणून पहिले तीन आठवडे मी नुसतं कपाट पाहिलं.
असं सुरू झालं माझं संशोधन.

मग दगड. कामठीच्या खाणीतले, लालसर,
जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळलेले.
एकेक उलगडताना आधी मी कूलरची जाहिरात वाचायची,
मग पान बघायची.
पंचवीस कोटी वर्षांपूर्वीचं पान, जिभेसारखं,
मधोमध एक जाड शीर
आणि तिच्यातून जाळं विणत कडेपर्यंत गेलेल्या बारक्या शिरा.
एका सेंटिमीटरात किती, ते मोजायचं.

"इतकंच?" बाबा म्हणाले.
ते अजनीच्या शेडमध्ये फिटर होते,
त्यांच्या कामात बिघाड दिसायचा, दुरुस्तीही.
"अन् मोजल्यावर?"
मोजल्यावर पुढचं पान, बाबा.

तिसऱ्या वर्षी फेलोशिप अकरा महिने आलीच नाही.
मी रामनगरात दहावीच्या शिकवण्या घेतल्या,
रोशन उईके रात्री लग्नांचे फोटो काढायचा, दिवसा शेवाळाचे.
निखत मोमिनपुऱ्याहून तिघांना पुरेल एवढा डबा आणायची
आणि म्हणायची, घरी उरलं होतं.
चौथ्या वर्षी निखतने सोडलं.
तिची मोजपट्टी टेबलावर राहिली. मी वापरते.

मावशीने भिलाईचं स्थळ आणलं.
मुलगा म्हणाला, दगडांचं म्हणजे सिमेंट कंपनीत का?
मी हो म्हटलं. कॉफी संपवायची होती.

मे महिन्यात सारं शहर तापून निघतं, तळघर तेवढं गार.
तिथेच एका दगडाच्या पाठीवर दिसली चिकटवलेली चिठ्ठी,
निळी शाई, तिरकं अक्षर:
"शिरा सव्वीस. पुन्हा मोजणे. शा. खा., १९८७"
मी मोजल्या. सव्वीस.
पुन्हा मोजल्या.
मग बघते तर कपाटभर तेच अक्षर, एकशे चौदा दगडांवर.
ग्रंथालयात तिचा प्रबंध नव्हता.
नोंदवहीत प्रवेशाची तारीख, पुढचा रकाना कोरा.

"होती एक खापेकर," सर म्हणाले. "हुशार होती."
आणि स्वच्छ चष्मा पुसत बसले.

सापडली ती महालात, बडकस चौकाच्या मागच्या गल्लीत,
रिळांच्या भिंतीसमोर बसलेली.
गिऱ्हाइकाने ब्लाऊजचा तुकडा पुढे केला की
मान न वळवता नेमका तोच रंग काढून द्यायची.
मी मोबाइलवर पान दाखवलं.
तिने दोन बोटांनी मोठं केलं, आणखी मोठं केलं.
मला वाटलं, आता सांगेल: लग्न, सासरे, सर, काहीतरी.
मी रचूनही ठेवलं होतं.
ती म्हणाली,
"कडेच्या शिरा धरल्या काय वं मोजणीत?
मी सोडल्या होत्या. तिथंच चुकलं वाटते."

नव्हत्या धरल्या.

एकशे चौदा दगड पुन्हा. नऊ महिने.
बाबांनी विचारणं सोडलं होतं,
सकाळी तर्री-पोह्याचा पुडा टेबलावर ठेवून
तेही भिंगातून डोकावून जायचे,
एकदा म्हणाले, "इथे एक सुटली बघ तुझी."
खरंच सुटली होती.
ज्याला आम्ही सगळे एक जात समजत होतो
त्या निघाल्या दोन.

ऋणनिर्देश वाचून सर म्हणाले,
"मार्गदर्शकाचं नाव आधी असतं."
आहे ना सर, दुसऱ्या ओळीत.

बांधून आलेली पहिली प्रत मी महालात नेली.
तिने नाव वाचलं की नाही, कळलं नाही.
पुठ्ठा वाकवून पाठ तपासली,
पानांच्या मधल्या टाक्यांवरून नख फिरवलं,
"दोरा कच्चा घातला," म्हणाली,
आणि मान न वळवता मागे हात नेला.