अर्थिंग

बदलीचा आदेश मे महिन्यात आला : जिंतूर ते सातपूर,
रुजू व्हायला सात दिवस.
पलंग टेम्पोत चढला, कूलर चढला,
आमूचा शाळा सोडल्याचा दाखला मात्र
मी शर्टाच्या आतल्या खिशात ठेवला.
घामानं गोल शिक्का थोडा पसरला.
'सोडल्याचे कारण' या रकान्यात लिहिलं होतं
वडिलांची बदली.
साडेतीनशे किलोमीटर, दोन शब्दांत.

नववीसाठी दोन शाळा.
एक अशोकनगरात, महापालिकेची, चालत अकरा मिनिटं.
दुसरी पंचवटीत, अनुदानित, नाव मोठं,
सिटीलिंकनं निमाणीपर्यंत, पुढे पायी.
शेजारचे अहिरराव म्हणाले, निकाल बघा हो, निकाल.
भाजीवाली म्हणाली, पोरीची जात, एवढ्या लांब कशाला?
आमची ही म्हणाली, तुम्हाला कळतं ते तुम्ही बघा.

मला कळते ती वायरिंग.
अठरा वर्षं खांबावर गेली,
कुठंही शिरलो की आधी मीटरची पेटी दिसते,
माणसं मागनं.

पंचवटीच्या शाळेत गुणवंतांचे फोटो,
वर्षवार, सोनेरी चौकटीत.
त्यांच्याखाली फ्यूजच्या जागी तांब्याची जाडजूड तार.
उद्या शॉर्ट झालं तर तार नाही जळणार,
शाळा जळेल.
मी तसं बोललो. सरांनी मान हलवली
आणि विचारलं, आठवीला टक्के किती?
प्रयोगशाळा चांगली होती, खोटं कशाला बोलू.
काचेच्या नळ्या ओळीनं, बेसिनला पाणी.
आमू तिथून लवकर निघेना.

अशोकनगरला प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट,
किल्ली रजेवर गेलेल्या बाईंकडे.
वर्गात दोन पंखे, एक बंद, एक कण्हणारा.
पण मागच्या भिंतीशी अर्थिंगचा खड्डा ओला होता,
पावसाचा अजून पत्ता नसताना.
मी वाकून माती चिमटीत घेतली.
शिपाई बर्डेमामा म्हणाले,
रोज बादलीभर टाकतो, साहेब.
कुणी सांगितलं?
आता कुणी नाही सांगत. मी नवा असताना एक वायरमन बोलला होता,
जमीन कोरडी पडली की करंट माणूस शोधतो.

माझं तिथंच ठरलं.
रात्री मी कॅलेंडरच्या मागं दोन रकाने आखले,
बसचं भाडं, सेमी इंग्रजी, निकाल, मैदान,
आणि जेवताना वाचून दाखवले,
जसा काही मीच नववीत जाणार होतो.

आमू भाकरी मोडत म्हणाली,
पंचवटीला मुलींच्या बाथरूमला आतून कडी नाही.
एक आत जाते, दुसरी दार धरून उभी राहते.
मला तिथं दुसरी कोण आहे?

मग म्हणाली, इथं कडी आहे.
बल्बपण लागतो. मी लावून बघितला.

तिच्या आईच्या हातातला उलथनं तव्यावर तसंच राहिलं.
मी कॅलेंडर पुन्हा खिळ्याला अडकवलं,
तारखांची बाजू वर करून.
इतक्या पेट्या उघडल्या आयुष्यात,
ही कडी मला कुठं दिसायची.

आणि प्रयोगशाळेचं काय? मी विचारलं.
ती म्हणाली, ते कपाट उघडायला लावू की.

ऑगस्टात बर्डेमामांचा फोन आला.
बाई हजर झाल्या, साहेब, पण किल्ली हरवली.
ड्यूटी संपवून मी पक्कड घेऊन गेलो.
कोयंडा गंजलेला, दोन पिळात निघाला.
आत लिटमसचे फिकट कागद, एक नालाकृती चुंबक,
तळाशी लाकडी खोक्यात एक मीटर,
माझ्या नोकरीहून जुना.
काचेवर टिचकी मारली, काटा हलला.

हे काय मोजतं, पप्पा?
मागं अख्खी नववी दाटलेली.

सांगतो, म्हटलं.
आधी हात कोरडे करा सगळ्यांनी.