आठ हजार ऐंशी

क्लायपेडाला बंदरं दोन.
एकात जहाजं लागतात.
दुसऱ्याचा नंबर आठ हजार ऐंशी,
ते नगरपालिकेच्या तळघरात
सायकलींच्या पलीकडे घरघरत असतं.

एकच सर्व्हर, एकच जावा,
आणि आत अकरा बिऱ्हाडं:
फेरीबोटीचं वेळापत्रक, वाचनालयाचा दंड,
कुत्र्यांचे परवाने, दफनभूमीतल्या रिकाम्या जागा,
बाकीच्यांची नावं विगांतसलाही आठवत नाहीत.
प्रत्येकाच्या दारावर तिरकी रेघ, मग नाव.
मेमरी मात्र सामाईक,
कोणी किती उपसली ते कळतं
सगळ्यांचीच संपल्यावर.

ऑड्रोने बारावं बिऱ्हाड घेऊन आली आहे.
खाडीवर गोठलेल्या बर्फाची जाडी सांगणारं.
पाच गावांत नवे सेन्सर, तासातासाला आकडा.
पत्ता तिनं साधाच मागितला: /लेदास.
लेदास म्हणजे बर्फ.
सर्व्हर म्हणाला, इथे आधीच कोणी राहतं.

राहत होतं. केस्तुतिसचं, पंधरा वर्षांचं जुनं.
केस्तुतिस आता कुठे असतो कोण जाणे.
सबंध कोडमध्ये त्याची एकच टीप:
‘तात्पुरतं’.

‘काढून टाक,’ विगांतस म्हणाला,
कोट चढवत, शुक्रवार होता.

फाइलीच्या शेवटी तीन अक्षरं असतात, उच्चार वॉर.
ऑड्रोनेला त्यात काही ऐकू येत नाही.
मला माझ्या भाषेतला वार ऐकू येतो:
आठवड्यातला,
कुऱ्हाडीचा,
आणि परक्या घरी ठरल्या दिवशी
मुकाट जेवून जाणाऱ्या पोराचा.

काढण्याआधी तिनं लॉग उघडला.
हिवाळ्यातली रोजची पहाट, चार दहा.
एक विनंती. एकच.
उत्तर दोनशे, म्हणजे ठीक,
आणि पुढे: चौदा सेंटिमीटर.
काल चौदा. परवा चौदा.
गेल्या वर्षी, त्याच्या आदल्या वर्षी,
नऊ हिवाळे चौदा.
जुना सेन्सर कधीचाच बुडाला होता,
आणि केस्तुतिसचं बिऱ्हाड
शेवटचा ऐकलेला आकडा
विचारेल त्याला सांगत बसलं होतं.
उत्तर पोचलं, एवढंच दोनशे सांगतं.
खरं पोचलं का, ते त्याच्या अखत्यारीत नाही.

पत्ता मिंगे गावच्या वाचनालयाचा निघाला.
फोन एल्झेबाईंनी उचलला.
‘मीच बघते. चारला येऊन स्टोव्ह पेटवते,
आकडा कागदावर लिहिते, दाराला लावते.’
‘पण तो नऊ वर्षं चौदाच आहे.’
‘हो की.’ मागे किटली ओरडत होती.
‘त्याच्यावर कोण जातंय?
माणसं कुऱ्हाडीनं ठोकून बघतात, मग पाऊल टाकतात.
पण एके दिवशी वीज गेली, कागद नव्हता,
तर दोघंतिघं दारापाशी
उगाच उभी राहिली.’

ऑड्रोने पावणेआठपर्यंत थांबली.
जुनं उतरवलं. त्याच दारावर नवं चढवलं.
अर्धवट सुटलेले धागे मेमरी धरून बसले होते,
म्हणून सबंध सर्व्हरच निजवून उठवावा लागला.
फेरीबोट उठली, कुत्री उठली,
दफनभूमीनं सगळ्यांत जास्त वेळ घेतला.
मिंगेच्या पुढे आकडा आला: सहा.

शनिवारी अंधारातच
स्वयंपाकघरात, लोकरी मोजे, मांडीवर लॅपटॉप.
चार दहा.
विनंती. दोनशे. सहा.

चार अकरा.
विनंती. दोनशे. सहा.

चार तेरा,
पुन्हा.

मग काही नाही.
दाराला काय लागलं
ते लॉगमध्ये येत नाही.